ग्रहण बघायला निघालेली खुर्ची

कपाट सकाळपासून जिना मोजत होता.

कपाट म्हणजे माणूस, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. ऐन जवानीत एकदा जोडीदार वेळेवर आला नाही आणि गिऱ्हाईक खाली उभं राहून नखं खायला लागलं, तेव्हा या गड्यानं लोखंडी कपाट पाठीवर घेतलं, पट्टा कपाळावरून ओढला आणि मध्ये कुठंही न टेकता वरच्या मजल्यावर नेऊन उभं केलं. गिऱ्हाइकानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो यानं एका दमात रिकामा केला. त्या दिवसापासून तो कपाट. लग्नात मित्रांनी ‘कपाटाचं लग्न, कपाटाचं लग्न’ असा गलका केला होता आणि नवरीला हसू आवरेनासं झालं होतं.

त्यानं जन्मभर लोकांची घरं हलवली. पलंग, सोफे, फ्रीज, शिलाई मशिनं, एकदा तर न्हाव्याची ती गोल फिरणारी खुर्ची. ज्या सोफ्यांना त्यानं पोटच्या पोरासारखं जिन्यावरून उतरवलं, त्यांतल्या एकावरही तो कधी बसला नाही. माल ठेवायचा, घाम पुसायचा, दारात उभ्यानं पाणी प्यायचं आणि निघायचं. दुसऱ्याच्या वस्तूला ओरखडा जाऊ द्यायचा नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की स्वतःच्या घरातलं मोडकं स्टूल सरकवायचं तरी आधी पायांखाली फडकं घालायचा. बायको म्हणायची, “एवढं मला जपलं असतं तर मीही चकचकीत राहिले असते.”

तर तो जिना मोजत होता. जिना मोजणं म्हणजे पायऱ्या मोजणं नव्हे. पायऱ्या पाय मोजतात. मोजायची असतात ती वळणं. सामान हलवणारा माणूस वस्तू उचलण्याआधी दोर घेऊन वळणावर जातो. दोराचं एक टोक भिंतीला लावतो, दुसरं कठड्याला, जिथं येईल तिथं चिमूट धरतो आणि तशीच धरलेली चिमूट वस्तूपाशी घेऊन येतो. वस्तू दोरात बसली तर जिन्यात बसली. कपाटानं दुसऱ्या मजल्यापासून गच्चीपर्यंतचं प्रत्येक वळण असं मोजलं, दर वेळी खाली आला, दाराशी ठेवलेल्या लाकडी खुर्चीला दोर लावला आणि मान हलवली. बसत होती. काठावर, पण बसत होती.

चौथ्या मजल्यावरचा शिंपी पिशवी घेऊन उतरत होता. त्यानं विचारलं, “काय काका, कोण जागा सोडून चाललं?”

“कुणी नाही. आमची ही गच्चीवर चाललीय.”

“काकू?” शिंप्याची पिशवी हातात तशीच राहिली. “त्या येतात म्हणाल्या?”

“म्हणाली.”

शिंप्यानं त्याच्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. “दार उघडं ठेवतो आमचं. लागलं काही तर हाक मारा,” म्हणाला आणि उतरला.

त्याचं आश्चर्य खोटं नव्हतं. काकू, म्हणजे कपाटाची बायको, न्हाणीघरात घसरून पडली त्याला आता बरेच महिने होऊन गेले होते. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि म्हणाले, आता चालायचं. तिनंही चालून बघितलं. वॉकर धरून पलंगापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून पलंगापर्यंत. पाय मात्र गुडघ्यात नीट वळेना, खुर्चीत बसली की तो काठीसारखा पुढं यायचा. आणि दाराचा उंबरा काही तिनं ओलांडला नाही. आधी पायाला भ्याली, मग जिन्याला, मग कशाला भीत होती ते तिलाही सांगता येईना. ज्या बाईचा अर्धा जन्म गच्चीवर गेला, कपडे वाळत घालायला म्हणून जायची आणि ते वाळेपर्यंत बोलत बसायची, ती आता खिडकीतून शेजारच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप बघत पडून असायची. जेवायला दिलं तर जेवायची. टीव्ही लावला तर बघायची. काही मागायची मात्र नाही.

मुलगा नोकरीनं परगावी होता आणि सून त्यांची इस्पितळात वॉर्डात मदतनीस होती. रोज अशी माणसं बघणारी. तिनं एकदा स्वयंपाकघरात भांडी घासता घासता सासऱ्याला हळूच सांगितलं होतं, “बाबा, मी बघते ना तिथं. हाड जुळतं, पण माणूस खोलीला चिकटतो. एकदा का चिकटला की मग मलाही सोडवता येत नाही.”

तेव्हापासून कपाटाच्या मनाला तेच लागून राहिलं होतं.

आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिलं. या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या आणि घरी आल्यावरही थांबायच्या नाहीत. ‘येत्या पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण. त्या दिवशी चंद्र पृथ्वीच्या जवळ असल्यामुळे नेहमीपेक्षा मोठा दिसेल, त्याला सुपरमून म्हणतात. पृथ्वीच्या सावलीत पूर्ण बुडाल्यावर तो तांबडा होईल. सर्वांनी गच्चीवर यावे. येताना आपापली खुर्ची आणावी.’

कपाटानं हे घरी येऊन सहज सांगितलं. बायको खिडकीकडं तोंड करून पडली होती. तिनं तोंड इकडं वळवलं. मग म्हणाली, “पूर्ण झाकणार?”

“पूर्ण, म्हणे.”

“ती शेवटची कड जाते ना, ती बघायचीय मला. कधी बघितलीच नाही. दर वेळी मेलं काहीतरी आड यायचं. कधी ढग, कधी तुमचं काम.”

पडल्यापासून तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. आणि मागितलं तेही काय, तर चंद्र.

पण ज्या दिवशी चंद्र, त्या दिवशी दुपारी तिचं मन फिरलं. दाराशी ठेवलेली खुर्ची तिला पलंगावरून दिसत होती. कपाटानं सवयीनं खुर्चीच्या कोपऱ्यांना गोणपाट गुंडाळलं होतं आणि बसायच्या जागी जाड घोंगडी घातली होती.

“मी नाही येत,” ती म्हणाली.

“का?”

“चार लोकांसमोर मला सामानासारखं उचलून नेणार. शिंपी बघेल, त्याची बायको बघेल. मी खिडकीतून बघेन दिसेल तेवढं.”

“खिडकीतून पाइप दिसतो.”

“मग पाइप बघेन. सवय झालीय आमची एकमेकांना.”

कपाटाला बोलण्यात कधी बायकोवर मात करता आली नव्हती. तो पलंगाच्या कडेला बसला. थोड्या वेळानं म्हणाला, “आयुष्यभर लोकांच्या बायकांचे आरसे नेले वरखाली. तुला एकदा नेऊ दे.”

तिनं कूस बदलली. पण संध्याकाळी त्यानं बघितलं तर तिनं केस विंचरून नीट अंबाडा घातला होता. त्यानं विषय काढला नाही. असल्या वेळी गप्प बसावं, एवढी अक्कल त्याला संसारानं दिली होती.

दिवेलागणीला बुटका आला. बुटका म्हणजे कपाटाचा जन्माचा जोडीदार. जिन्यावर माल चढवताना उंच माणूस खालच्या बाजूला लागतो आणि ठेंगणा वरच्या, म्हणजे माल आडवा राहतो. देवानंच मापं घेऊन ही जोडी बनवली होती. खालची बाजू जड. सगळा भार खाली येतो आणि खालच्या माणसाला पुढचं काही दिसतही नाही. म्हणून जिन्यात हुकूम खालच्याचा. तो म्हणेल ‘घे’ तेव्हा उचलायचं, ‘वळण’ म्हणेल तेव्हा वळायचं, ‘टेक’ म्हणेल तिथं टेकायचं. मध्ये दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. कपाटानं सगळी उमर खालची बाजू धरली होती.

“वहिनी,” बुटक्यानं दारातूनच आवाज दिला, “गाडी लागली दाराला. सामान तयार आहे का?”

“सामान असेल तुझ्या घरी,” ती आतून म्हणाली. “आणि दारू पिऊन आला नाहीस ना?”

“वहिनी, सोडून किती वर्षं झाली!”

“तेच विचारतेय. तुझे पाय तेव्हाच सरळ पडायचे.”

बुटका खदखदून हसला आणि घरातलं वातावरण जरा सैल झालं. दोघांनी तिला खुर्चीत बसवलं. तिनं पदराऐवजी शाल खांद्यावर घेतली, पाय पुढं लांब झाला. बुटक्यानं मागून खुर्चीची पाठ धरली, कपाटानं खाली वाकून पुढचे दोन पाय धरले. अशा रीतीनं तिचं तोंड कपाटाकडं आणि पाठ जिन्याकडं.

“घे,” कपाट म्हणाला.

खुर्ची उचलली गेली, उंबऱ्यावरून गेली. बायकोनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. ते उघडले तेव्हा ती जिन्यात होती. तिनं एकदा भिंतीला हात लावून बघितला, जणू भिंत ओळखते का ते बघत होती.

वरून मास्तरीणबाईंचा आवाज जिन्यातून घुमत आला. “सुरू झालं हो! डाव्या बाजूनं चावा पडला!”

पहिलं वळण झालं. तिसरा मजला आला. शिंप्यानं सगळीकडं सांगून ठेवलं असावं, दारं उघडी होती, आणि एकेका दारातून उजेडाचा पट्टा जिन्यावर आणून ठेवल्यासारखा पडला होता. कुणी गलका केला नाही. फक्त एका म्हातारीनं दारातून म्हटलं, “आलीस का बाई! किती दिवसांनी!” आणि बायको खुर्चीतून राणीसारखी म्हणाली, “आले. जरा वर जाऊन येते.”

“पाव झाकला!” वरून आरोळी.

हे सगळं इथवर झकास चाललं होतं. पण कपाटाच्या हातांचं एक गुपित होतं आणि ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. काम सुटल्यापासून त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या. कप धरला तरी कधी कधी कळायचं नाही, धरलाय की सुटलाय. डॉक्टर म्हणाले होते, मान आणि खांद्यातल्या नसा दबल्यात, वजन उचलू नका. तो ते डॉक्टरांच्याच खोलीत ठेवून आला होता. घरी आणलं नव्हतं.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कपाट म्हणाला, “वळण.” बुटका मागं सरकत वळला, खुर्ची वळली. आणि एकदम बायको ओरडली, “टेक!”

दोघांनीही खुर्ची टेकवली. विचार केला नाही, बघितलं नाही. जिन्यात तो शब्द ऐकला की हात आपोआप खाली जातात. मग दोघांच्या ध्यानात आलं की हुकूम मालानं दिलाय.

“तू कशाला बोललीस?” कपाट म्हणाला.

“पाय,” ती म्हणाली. “माझा पाय चेचला असता तुम्ही भिंतीवर.”

कपाटानं बघितलं. लांब झालेल्या पायाची टाच भिंतीपासून बोटभर अंतरावर होती. खुर्ची वळणात फिरत होती, दोरानं बरोबर सांगितलं होतं. पण खुर्चीच्या पुढं हातभर आलेला न वळणारा पाय, तो दोराला कुठं माहीत होता? लोखंडी कपाटाला पाय नसतात. फ्रीजला पाय नसतात. आयुष्यभर ज्यांचं काही पुढं येत नाही अशाच वस्तू मोजलेल्या माणसानं खुर्ची मोजली होती, आणि बायको मोजायची राहिली होती.

बुटक्याला वरून सगळं दिसत होतं. तो आधी गंभीर राहिला, मग त्याला हसू फुटलं. “कपाट्या, अरे रिकामी खुर्ची न्यायची होती का वर?”

“थोबाड बंद कर.”

“वर बसून चंद्र कोण बघणार, घोंगडी?”

बायकोही हसायला लागली. पोटातून, अंग हलवून. इतक्या महिन्यांत अशी हसली नव्हती. कपाट मात्र हसला नाही. त्याला उपाय माहीत होता. लांब वस्तू वळणात अडकली की ती उभी करायची, म्हणजे पुढची बाजू वर उचलायची. इथं खुर्ची मागं कलती करून पुढचे पाय खांद्यापर्यंत वर न्यायचे, म्हणजे तिचा पाय कठड्याच्या वरून मोकळा फिरेल. सोपं होतं. फक्त खालच्या माणसाच्या हातात जोर हवा.

तो वाकला, पाय धरले. “घे,” म्हणाला. खुर्ची मांडीपर्यंत आली, छातीपर्यंत यायला लागली, आणि त्याची बोटं कुठं आहेत हे त्याला कळेनासं झालं.

“टेक,” तो म्हणाला. स्वतःच म्हणाला.

“अर्धा झाकला!” वरून आवाज आला. “काकू आल्या का?”

बायकोचं हसणं थांबलं होतं. खालच्या माणसाचं तोंड तिच्याकडंच होतं, त्यामुळं तिच्यापासून लपवता येईल असं काही त्याच्यापाशी राहिलं नव्हतं.

“हात कापतायत तुमचे,” ती हळू म्हणाली.

“दमलोय जरा. थांब.”

“दमलेले हात मी बघितलेत. हे वेगळे आहेत. कधीपासून?”

तो पुन्हा वाकला. तिनं वरून त्याच्या मनगटावर हात ठेवला. “राहू दे. मला खाली न्या. इथवर आले, पुष्कळ झालं.”

ती आता खाली गेली तर परत कधी वर येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. म्हणूनच ती एवढ्या गोड आवाजात बोलत होती.

तेवढ्यात खालून भराभर पावलं आली. ड्युटी संपवून सून येत होती, अजून वॉर्डाच्या कपड्यांत, खांद्याला डब्याची पिशवी. उंचीपुरी बाई, रुंद खांद्यांची. लग्न ठरलं तेव्हा भाऊबंद म्हणाले होते, दाराची चौकट वर घ्यावी लागेल. तिनं वळणावर येऊन खुर्ची बघितली, सासूचा पाय बघितला आणि सगळ्यात शेवटी सासऱ्याचे हात बघितले. रोज शेकडो हात बघणारी ती. तिला एवढं पुरलं.

पण ती ‘सरका’ म्हणाली नाही. पिशवी पायरीवर ठेवली आणि म्हणाली, “बाबा, कसं न्यायचं ते सांगा. मी धरते.”

कपाट तसाच वाकलेला होता. खालची बाजू त्यानं कुणाला दिली नव्हती. पाठ धरली तेव्हा नाही, गुडघा सुजला तेव्हा नाही. बुटक्यानं वर नजर दुसरीकडं वळवली, भिंतीवरच्या कुठल्याशा डागाकडं लक्ष देऊन बघायला लागला. जोडीदार असावा तर असा.

कपाट सरळ झाला. भिंतीला पाठ लावून त्यानं सुनेला जागा दिली.

“पुढचे पाय मुठीत नको, तळव्यावर घे,” तो म्हणाला. “कोपरं पोटाला. मी म्हणेन तेव्हा खांद्यापर्यंत वर. वर गेलं की कलेल, तेव्हा भ्यायचं नाही.”

“पेशंट कलतातच,” सून म्हणाली. तिनं सासूची शाल काढून दुखऱ्या पायाखालून घेतली आणि तिची दोन टोकं सासूच्याच हातात दिली. “आई, हे घट्ट धरा. पाय तुमचा, तुम्हीच सांभाळायचा.”

“आणि मी काय करू?” कपाटानं विचारलं. आजवर त्यानं जिन्यात हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

बायकोनं त्याच्याकडं बघितलं. मग जरा वाकून चांगल्या पायातली चप्पल काढली आणि दुसऱ्या पायाकडं बोट केलं. ती चप्पल नुसती अडकवलेली होती, केव्हाही पडली असती. “या धरा. पडल्या तर शोधत बसावं लागेल.”

कपाटानं चपला घेतल्या.

“घे,” तो म्हणाला. दोघांनी उचललं. “वर... अजून वर... आता वळण.” खुर्ची मागं कलली, बायकोचं तोंड छताकडं झालं, तिचा पाय शालीच्या झोळीत कठड्यावरून असा सरकत गेला की भिंतीला वाराही लागला नाही. “उतरव... सरळ... चला.”

सुनेचा श्वास जड झाला होता, पण पावलं एका मापात पडत होती. बुटका वरून म्हणाला, “कपाट्या, ही पोरगी आधीच जोडीला दिली असतीस तर माझी पाठ वाचली असती.”

कपाट मागून चढत होता. मोकळ्या खांद्यांनी. हातात बायकोच्या चपला. जिना असा असतो हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. पायऱ्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. चौथ्या मजल्यावर शिंप्याच्या बायकोनं उघडं दार पायानं अडवून धरलेलं, कडेवर झोपलेलं मूल. ती हळूच हसली. ओझं घेऊन चढणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त पुढची पायरी दिसते.

“जातोय, जातोय!” वरून मास्तरीणबाई. “काकू, लवकर!”

गच्चीच्या दारातून खुर्ची बाहेर पडली तेव्हा वरच्या सगळ्यांनी एकदम “गेला!” म्हटलं.

शेवटची कड गेली होती. ती तिला दिसली नाही. त्यात भर म्हणजे बुटक्यानं खुर्ची सरळ नेऊन पाण्याच्या टाकीपाशी टेकवली, तोंड टाकीकडं.

“अरे, भिंतीकडं तोंड करून काय ठेवतोस मला? आरशाचं कपाट आहे का मी?”

“सवय हो वहिनी. आरसा भिंतीकडंच ठेवतात, फुटू नये म्हणून.”

“मी फुटायची ती फुटून झालेय. फिरव.”

सगळी गच्ची हसली. शिंप्यानं आणि बुटक्यानं मिळून खुर्ची फिरवली. कुणीतरी जिन्याच्या तोंडावरचा दिवा आधीच मालवून ठेवला होता. बायकोनं वर बघितलं.

आधी तिला चंद्र सापडेना. पांढरं काहीतरी ती शोधत होती. मग दिसला. समोरच्या इमारतींच्या वर, मोठा, गोल, विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाचा. त्याचा उजेड पडत नव्हता, म्हणून आजूबाजूला एरवी दिसत नाहीत एवढ्या चांदण्या बाहेर आल्या होत्या. चंद्र सपाट दिसत नव्हता. हातात घेऊन फिरवावा असा चेंडूसारखा भरीव दिसत होता.

“कड हुकली तुझी,” कपाट म्हणाला. आवाज त्याचा पडलेला होता. “माझ्यामुळं.”

ती वरच बघत होती. “तो तांबडा रंग कुठून आला हो बाई?”

मास्तरीणबाई याचीच वाट बघत होत्या. “पृथ्वीच्या कडेकडेनं सगळीकडं सूर्य उगवत आणि मावळत असतो ना, तो सगळा उजेड वळून तिथं पडतो. जगातल्या सगळ्या पहाटा आणि सगळ्या संध्याकाळी एकदम.”

बायको काही वेळ ते मनात घोळवत राहिली. “म्हणजे आपलीही त्यात असेल थोडी.”

“असणारच.”

लोक बसले, उभे राहिले, पोरांना खांद्यावर घेतलं. ती मधूनच कुणाशी तरी बोलायची. शिंप्याच्या बायकोला म्हणाली, तुझी तार सैल झालीय, चादरी जमिनीला टेकतायत. म्हातारीला विचारलं, गुडघा कसा आहे. सून सासूच्या पायाशी जमिनीवर बसली होती, टाकीला पाठ टेकून, दंड चोळत. कपाट तिच्याजवळ जाऊन बसला. लोकांनी त्याला कायम दारात पाण्याचा तांब्या दिला होता आणि तो कायम पिऊन निघाला होता. देणाऱ्याला काय म्हणायचं असतं ते त्यानं कधी शिकूनच घेतलं नव्हतं.

“दुखतंय?” त्यानं विचारलं.

“वॉर्डात याहून जड असतात बाबा,” सून म्हणाली. मग हसून आवाज खाली घेतला, “आईंना सांगू नका. त्यांना वाटतंय त्या बारीक झाल्यात.”

“पोरी,” तो म्हणाला, आणि थांबला. “बरं झालं तू आलीस.”

ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, “उद्या ते हात घेऊन माझ्याबरोबर इस्पितळात यायचं. मी विचारत नाहीये, सांगतेय.”

“येतो.”

एवढ्या सहज तो ‘येतो’ म्हणाला याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. आणि नवल ओसरल्यावर मोकळं वाटलं. पट्टा कपाळावरून काढल्यावर वाटतं तसं.

“अहो,” बायकोनं हाक मारली. “चपला आणा माझ्या.”

चपला अजून त्याच्या हातातच होत्या. तो उठला, तिच्यापुढं बसला आणि एकेक पायात घातली. दुखऱ्या पायात घालताना तिनं दात आवळले, पण ओरडली नाही.

“धरा,” ती म्हणाली आणि एक हात सुनेच्या खांद्यावर ठेवला, दुसरा त्याच्या दंडावर. ती उभी राहिली. डुगडुगली, थांबली, मग पाय ओढत एक पाऊल टाकलं. मग दुसरं. कठडा काही लांब नव्हता, पण ती कुठंही टेकली नाही. कठड्यापाशी पोचल्यावर तिनं हात सोडला तो फक्त सुनेचा.

चंद्राच्या एका कडेला चमक आली होती. आधी नुसती शंका, मग दोऱ्याएवढी उजळ रेघ. गच्चीवरची कुजबूज आपोआप थांबली.

“जाताना हुकली,” बायको म्हणाली, “पण येताना सापडली की.”

तिचा भार त्याच्या दंडावर होता. बोटांना मुंग्या होत्या, पण दंडाला सगळं कळत होतं. तिच्या तळव्याची ऊब, पाय दुखला की बसणारी पकड, मग सैल होणं.

“जड होतेय का मी?”

“राहू दे हात,” तो म्हणाला. “उभी राहा.”

रेघ रुंद होत गेली. गच्चीवर हळूहळू सावल्या परत आल्या, तारांच्या, टाकीच्या, माणसांच्या. कठड्याशी उभ्या दोघांची मिळून एकच पडली होती.

बुटका मागून म्हणाला, “वहिनी, उतरायचं का? माझी झोपायची वेळ झाली.”

“तू जा,” ती मागं न बघता म्हणाली. “आम्ही चंद्र पूर्ण झाल्यावर येतो. आणि सूनबाई, उद्या कपडे धुतले की मला हाक मार. निदान चिमटे तरी मी लावेन.”